पुढच्या रांगेतला मुजरा

"चेहरा दिसला पाहिजे," मंदाताई म्हणाल्या. "बाकी काही करू नका. हुशारी करू नका, त्या डायरेक्टरला अक्कल शिकवू नका. नुसता चेहरा दाखवा आणि घरी या."

सकाळचे साडेपाच वाजले होते. शिंदे की छावनीतल्या आपल्या घराच्या दारात दिनकरराव जगदाळे बुटाची नाडी बांधत होते आणि मंदाताई दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. मुलाच्या बोर्डाच्या परीक्षेला दही द्यायचं त्या विसरल्या होत्या, पण आजची गोष्ट वेगळी होती. आज दिनकरराव पिक्चरमध्ये काम करायला निघाले होते.

काम म्हणजे अर्थात गर्दीतलं. मुंबईची मंडळी एका ऐतिहासिक पिक्चरच्या शूटिंगसाठी ग्वाल्हेरात उतरली होती आणि दरबाराच्या सीनला त्यांना दोनशे दरबारी हवे होते. माणसं पुरवण्याचा ठेका दौलतसिंहाकडे होता आणि तो गल्लोगल्ली मिशा शोधत फिरत होता. दिनकररावांची मिशी पाहून त्यानं स्कूटरच थांबवली. "मास्टरजी, ये मूँछ घर में बैठने के लिए नहीं है," तो म्हणाला. दिनकररावांचं स्वतःचंही गेली कित्येक वर्षं नेमकं हेच मत होतं.

मास्तर म्हणजे पी.टी.चे. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेच्या मैदानावर पोरांच्या रांगा सरळ केल्या होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. बँकेत, दवाखान्यात, देवळात, जिथं म्हणून रांग दिसेल तिथं ती सरळ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मंदाताई 'हुशारी करू नका' म्हणाल्या त्या उगाच नव्हे.

मंदाताईंचं दुखणं मात्र निराळंच होतं. त्यांची धाकटी बहीण लीलाताई माधवगंजात राहायची. तिचे यजमान हेमेंद्रराव दोन वर्षांपूर्वी भाजी आणायला गेले असताना कुठल्याशा चॅनेलवाल्यानं महागाईची बातमी करता करता त्यांच्यासमोर माइक धरला. हेमेंद्ररावांनी हातातला दुधी वर करून "आदमी खाए तो क्या खाए?" एवढंच विचारलं. झालं! ती बातमी लीलाताईंच्या मोबाइलमध्ये जाऊन बसली आणि हळदीकुंकू असो, बारसं असो, नाहीतर तेराव्याचं जेवण असो, ती बाहेर निघायचीच. मंदाताईंनी दोन वर्षं तो दुधी हसतमुखानं पाहिला होता. आपल्या नवऱ्याची एवढी मिशी, एवढे खांदे, आणि टीव्हीवर दिसावे ते हेमेंद्रराव, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून दौलतसिंहानं नाव लिहून घेतलं त्याच दुपारी त्यांनी बहिणीला फोन करून सांगून टाकलं, "आमचे हे येणार आहेत मोठ्या पडद्यावर. अभिराम सेहगलबरोबर. तुम्हा सगळ्यांना मी पिक्चर दाखवणार."

अभिराम सेहगल म्हणजे पिक्चरचा हिरो, आणि पिक्चरमधला राजा.

पहिल्या दिवशी सगळं मनासारखं घडलं. जुन्या हवेलीच्या दरबारात निवेदिता नावाची एक चटपटीत असिस्टंट डायरेक्टर माणसं उभी करत होती. तिनं दिनकररावांना एकदा खालून वर पाहिलं आणि थेट पुढच्या रांगेत आणलं. "अंकल, आप यहाँ. सिंहासन से तीसरे. क्या फेस है आपका! कैमरा सीधा आप पर आएगा."

काम फत्ते झालं असं दिनकररावांना वाटलं. नुसतं उभं राहायचं होतं. ते तसे उभेही राहिले असते, पण शेजारच्या माणसाकडे त्यांची नजर गेली. तो टोपी बाजारातला दुकानदार होता. जन्मभर डोक्यावर घालायच्याच वस्तू विकत आला होता आणि पगडी मात्र त्यानं उलटी घातली होती. चोच मागे!

"अहो, फिरवा ती," दिनकरराव हळूच म्हणाले.

"इसमें आगा-पीछा भी होता है?" दुकानदारानं विचारलं.

दिनकररावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी त्याची पगडी सरळ केली. मग त्याच्या शेजाऱ्याची केली. तिसऱ्याची तर कानावर आली होती आणि चौथ्यानं ती डोकं खाजवण्यासाठी काढून काखेत धरली होती. माणूस एकदा सुधारणेला लागला की त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. कॅमेरा सुरू झाला तेव्हा दिनकरराव शेवटच्या रांगेत एका खांबामागे एकसष्टाव्या माणसाची पगडी दाबून बसवत होते, आणि सिंहासनापासून तिसऱ्या जागेवर निवेदितानं दुसराच कुणी उभा केला होता.

"दिसला चेहरा?" संध्याकाळी मंदाताईंनी दारातच विचारलं.

"आज पगड्या होत्या."

"पगड्यांचं मी नाही विचारून राहिले. चेहरा?"

"उद्या," दिनकरराव म्हणाले. "उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी राजाला मुजरा करायचा सीन होता. अभिराम सेहगल अजून आपल्या व्हॅनमध्ये होता, म्हणून सिंहासनावर नुसतीच एक खुर्ची ठेवून तालीम सुरू झाली. "मुजरा!" निवेदिता ओरडली आणि दोनशे दरबाऱ्यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे मुजरा केला. कुणी हात जोडले. कुणी फौजेतला सॅल्यूट ठोकला. दोघातिघांनी नाकासमोर हात हलवून लखनवी आदाब केला आणि एकानं तर खुर्चीला साष्टांग नमस्कार घातला.

दिनकरराव परत पुढच्या रांगेत यायला मिळावं म्हणून निवेदिताची फार मनधरणी करून आले होते. मंदाताईंचा शब्दन् शब्द त्यांना आठवत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या तालमीलाही त्यांनी दातओठ खाऊन कळ काढली. पण तिसऱ्या वेळी त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

शिट्टी अशी वाजली की साउंडवाल्यानं कानावरचे हेडफोन भिरकावले. सगळा सेट जागच्या जागी थिजला. बाहेर पहारा करणारे पोलीससुद्धा आत डोकावून गेले.

"ये किसने किया?" डायरेक्टर तणतणत पुढे आला.

"मैंने," दिनकरराव एक पाऊल पुढे येऊन म्हणाले. "सर, माफ करना, पर ये मुजरा नहीं है. ये मच्छर भगाना है."

"तो मुजरा क्या होता है?"

आता हा प्रश्न जगदाळ्यांना विचारायचा म्हणजे मासोळीला पोहता येतं का म्हणून विचारण्यापैकी होतं. त्यांचे पणजोबा घोडदळात होते. घराण्याचा मान, जमीन, घोडा सगळं कालौघात गेलं, पण दर दसऱ्याला घरातल्या थोरामोठ्यांसमोर ओळीनं मुजरा करण्याची रीत मात्र राहिली होती. दिनकररावांनी पगडी नीट केली, तीन पावलं पुढं टाकली आणि कमरेत वाकून त्या रिकाम्या खुर्चीला मुजरा घातला. उजवा हात जमिनीपर्यंत गेला, कपाळाशी आला, पुन्हा गेला, असा तीनदा. मग पाठ न दाखवता ते मागं सरकत जागेवर आले. मघापासून मोबाइल बघत असलेला लाइटवालाही ताठ उभा राहिला होता.

डायरेक्टरनं आधी खुर्चीकडे आणि मग दिनकररावांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सबको सिखाइए. आज शूटिंग कैंसल."

तो दिवस दिनकररावांच्या आयुष्यातला फार मोठा दिवस ठरला. हवेलीच्या अंगणात त्यांनी दोनशे माणसांच्या दहा रांगा केल्या. "एक! कंबर! दोन! हात! तीन! नजर नीचे! ठोड़ी सीने को!" कुणी मान वर केली की शिट्टी वाजत होती. टोपी बाजारातल्या दुकानदाराला तर घाम फुटला. "मास्टरजी, थोड़ा सा ऊपर देख लें तो क्या जाता है?" त्यानं विचारलं.

"इज्जत जाते," दिनकररावांनी मराठीतच सांगितलं. "राजा बसेपर्यंत नजर वर नाही!"

दुपारी व्हॅनचं दार उघडलं आणि खुद्द अभिराम सेहगल अंगणात आला. मागे छत्रीवाला, पंखेवाला आणि पाण्याची बाटली धरणारा असा लवाजमा होता. रांगा मोडल्या, दोनशे मोबाइल बाहेर निघाले. दिनकररावांनी शिट्टी मारली. रांगा पुन्हा लागल्या, मोबाइल आत गेले. अभिरामनं हे असं दृश्य गेल्या पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सर," तो दिनकररावांजवळ येऊन म्हणाला, "ये लोग तो सीख गए. मैं राजा हूँ. मुझे क्या करना है?"

दिनकररावांनी त्याच्याकडे पाहिलं. भलामोठा हिरो, देशभर ज्याच्या नावानं पोरी रडतात, पण उभा राहिला होता पोक काढून. पी.टी.च्या मास्तरला माणूस दिसत नाही, त्याचा कणा दिसतो. "पेट अंदर," ते म्हणाले.

छत्रीवाल्याच्या हातातली छत्री हलली. निवेदितानं तोंडावर हात ठेवला.

"जी?" अभिराम म्हणाला.

"पेट अंदर, छाती बाहर, घुटने सीधे. दो सौ आदमी आपके सामने झुकेंगे. आप ही झुके रहोगे, तो वो कहाँ तक झुकें बिचारे?"

अभिराम सेहगलनं पोट आत घेतलं. मग तो मनापासून हसला, दिनकररावांच्या पाया पडला आणि म्हणाला, "शूट खत्म होने तक आप मेरे पास ही रहिए." त्या दिवशी जेवण हिरोच्या टेबलावर झालं. अभिराम उकडलेल्या भाज्या खात होता, दिनकररावांनी त्याला आपल्या डब्यातल्या आंबट-गोड वरणातल्या कणकेच्या चकोल्या चाखवल्या आणि त्यानं चकोल्यांचा डबा रिकामा करून परत दिला.

"दिसला चेहरा?" मंदाताईंनी विचारलं.

"त्यानं चकोल्या खाल्ल्या!"

"कुणी?"

"अभिराम सेहगलनं. तुझ्या हातच्या. दोनदा मागून."

मंदाताई खुर्चीत बसल्या. एवढा मोठा हिरो, आणि आपल्या हातच्या चकोल्या! पण बहिणीला चकोल्या दाखवता येत नाहीत, मोठ्या पडद्यावर तर नाहीच. "ते सगळं ठीक आहे," त्या सावरून म्हणाल्या, "पण उद्या शेवटचा दिवस. मी पंचवीस जणांना सांगून बसले आहे. माझं नाक तुमच्या चेहऱ्यावर आहे."

तिसऱ्या दिवशी दिनकररावांना कुणाची मनधरणी करावी लागली नाही. अभिरामनं स्वतः सांगितलं, "सर पहली कतार में, ठीक बीच में, मेरे सामने." डायरेक्टरनं बेत समजावला. राजा आत येईल, दरबारी मुजरा करतील, मग सगळे माना वर करतील आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून हळूहळू फिरेल. सुरुवात दिनकररावांपासून.

कुठल्याही शहाण्या माणसानं इथं गप्प बसायचं असतं. दिनकरराव शहाणेच होते, पण खोटं त्यांना चालत नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "राजा सिंहासन पर बैठता नहीं, तब तक कोई सिर नहीं उठाता."

"पर बैठते-बैठते तो वो पूरा डायलॉग बोलेगा. डेढ़ मिनट का है."

"तो डेढ़ मिनट सिर नीचे रहेगा," दिनकरराव ठासून म्हणाले.

डायरेक्टरनं डोळे बारीक केले, दोन हातांची चौकट करून दरबाराकडे पाहिलं आणि एकदम ओरडला, "वाह! सिर्फ पगड़ियाँ! पगड़ियों का समंदर, बीच में अकेला राजा! सर, आप जीनियस हैं!" सगळ्या सेटनं टाळ्या वाजवल्या. दिनकररावांनी मिशीवरून हात फिरवला. आपला मुद्दा एवढा पटकन आणि एवढ्या लोकांसमोर मान्य होणं त्यांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही घडलं नव्हतं.

"एक्शन!"

अभिराम आला, पोट आत घेऊन. दोनशे पगड्या एका झटक्यात खाली गेल्या आणि सगळ्यांत खाली गेली ती दिनकररावांची. नजर जमिनीवर, हनुवटी छातीला. समोर अभिरामच्या जरीच्या मोजड्या दिसत होत्या. डायलॉग सुरू झाला, कॅमेरा डोक्यावरून सरकल्याचा आवाज आला, आणि नेमक्या त्या क्षणी दिनकररावांना मंदाताई आठवल्या.

मान जरा वर करावी? नुसती बोटभर? पण मागे एकशे नव्व्याण्णव माणसं त्यांच्या भरवशावर माना घालून उभी होती. काल त्यांना 'इज्जत जाते' म्हणून ओरडून सांगितलं होतं ते कुणी? एक मन म्हणत होतं, जगदाळे, घरी जायचंय. दुसरं म्हणत होतं, जगदाळे, राजा अजून बसायचाय. दीड मिनिट ही ओढाताण चालली आणि मान काही उठली नाही. राजा बसला, "कट!" झालं आणि डायरेक्टर नाचत पुढं आला. शॉट पहिल्याच टेकमध्ये ओके झाला होता. जेवणानंतर दरबाऱ्यांचे क्लोजअप घ्यायचे होते, तेही त्यानं रद्द केले. "इसके बाद किसी का चेहरा दिखाना पाप है," तो म्हणाला.

दिनकरराव घरी आले. "पुढच्या रांगेत होतो," ते म्हणाले. "बरोबर मध्ये. राजासमोर." यातला एकही शब्द खोटा नव्हता. मंदाताईंनी देवापुढं साखर ठेवली आणि दिनकररावांना ती साखर काही गोड लागली नाही.

पिक्चर लागला तो जानेवारीच्या कडाक्यात. दिनकररावांनी आपल्या परीनं पुष्कळ प्रयत्न केले. पिक्चर बरा नाही म्हणतात, थिएटरात हीटर नाही, माझा गुडघा धरलाय. काही चाललं नाही. मंदाताईंनी पहिल्याच दिवशीच्या शोची अख्खी रांग धरली. एका बाजूला लीलाताई आणि हेमेंद्रराव, दुसऱ्या बाजूला छावनीतल्या बायका, मध्ये काठाची साडी नेसलेल्या मंदाताई आणि त्यांच्या शेजारी मफलर गुंडाळलेले दिनकरराव. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि मफलर आणखी घट्ट केला. सगळं थिएटर ओळखीचं होतं. दोनशे दरबारी आपापली बायकापोरं, मेहुणे, शेजारी घेऊन आले होते.

मध्यंतरानंतर दरबार आला. थिएटरात शिट्ट्या झाल्या. "अब देखना, अब देखना," असं चहूकडून ऐकू येऊ लागलं. राजा आत आला, दोनशे पगड्या खाली गेल्या आणि खालीच राहिल्या. डायलॉग सुंदर होता, पण तो कुणीच ऐकला नाही.

"पापा, आप कौनसे हो?" मागून एका मुलीनं विचारलं.

"रुक, अभी सिर उठाएँगे," बाप म्हणाला. पण त्याआधीच राजा सिंहासनावर बसला आणि पडद्यावर एकदम लढाई सुरू झाली.

मग जो गलका उठला तो लढाईच्या तोफांनाही आवरेना. "हमने तो कहा था, थोड़ा ऊपर देखने दो!" हा आवाज टोपी बाजाराचा होता. "वो सीटीवाला मास्टर कहाँ है?" दुसरा म्हणाला. "मिल जाए एक बार!" तिसरा म्हणाला. दिनकररावांनी मफलर कानावरून नाकावर घेतला आणि खुर्चीत जमेल तेवढे खाली सरकले.

लीलाताई पुढं वाकल्या. "ताई," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "दाजी कुठले गं त्यात? सगळी डोकी अगदी सेम दिसून राहिली होती."

मंदाताई पडद्याकडेच बघत राहिल्या. अंधारातही दिनकररावांना त्यांचा चेहरा दिसला आणि त्यांना फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांत या बाईनं आपल्याकडे काही मागितलं नव्हतं, मागितलं ते एवढंच, आणि ते आपण आपल्या हातानं घालवलं.

"मंदा," ते मफलरातून म्हणाले, "चुकलंच माझं."

"पिक्चर संपला की मान खाली घालून निघा," मंदाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "कुणाला चेहरा दाखवू नका."

पिक्चर संपला. लोक उठू लागले, आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. हल्ली नावांच्या शेजारी शूटिंगच्या वेळच्या गमतीजमती दाखवायची पद्धत आहे. अभिराम घोड्यावरून घसरला, कुणी डायलॉग विसरलं, लोक दारात थबकून हसू लागले. आणि मग पडदाभर एक मिशी आली.

मिशीच्या वर डोळे आले, खाली शिट्टी आली. 'दरबारी रीतिरिवाज सल्लागार: दिनकरराव जगदाळे' अशी अक्षरं बाजूला झळकली. पडद्यावरचे दिनकरराव गर्जत होते, "नजर नीचे! कोई सिर नहीं उठाएगा! चेहरा दिखना नहीं चाहिए किसी का!" मग त्यांनी अभिराम सेहगलच्या पोटाकडं बोट दाखवलं, त्यानं पोट आत घेतलं, आणि कॅमेरा पुन्हा दिनकररावांवर येऊन थांबला. हलेचना.

दिनकरराव खुर्चीच्या खाली पोचलेच होते, तेवढ्यात मंदाताई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांनी मफलरला एक हिसडा दिला.

"हेच ते!" त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "लीले, बघून घे! अरे भाई, सब लोग देखो, यही हैं वो! उठा हो, उभे राहा, चेहरा दाखवा!"

सगळं थिएटर वळलं. टोपी बाजारातला दुकानदार बाह्या सरसावत दोन रांगा ओलांडून पुढं आला. त्याच्यामागे आणखी दहाबारा दरबारी होते.

"मास्टरजी," तो दात ओठ खात म्हणाला, "ज़रा बाहर तो मिलिए."

"मिलेंगे ना, क्यों नहीं मिलेंगे!" मंदाताई अभिमानानं म्हणाल्या. "पण एकेक करून या. सगळ्यांबरोबर फोटो काढतील."